सव्वाबाराशे किलोचं लेथ बोळातून बाहेर काढताना

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत एका बोळात बसवलेलं सहा फुटी बेडचं (बेड म्हणजे यंत्राचा लांब आडवा भाग), पंजाबातल्या बटाला इथल्या बनावटीचं जुनं लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, २०२५च्या फेब्रुवारीत शिरोली एमआयडीसीतल्या भाड्याच्या गाळ्यात हलवलं. रस्त्याने अंतर दहाएक किलोमीटर. घोर होता तो पहिल्या ६८ मीटरचा. बोळ २.१ मीटर रुंद, त्यात हायड्रा (चाकांवरची क्रेन) शिरत नाही आणि मध्ये एक उतार. म्हणजे शटरपासून मोठ्या रस्त्यापर्यंत सगळं काम सहा माणसांच्या हातांनी व्हायचं होतं. पेठांमधले बरेच कारखाने आज ना उद्या हेच करणार आहेत. त्यांना उपयोग व्हावा म्हणून तारखा, खर्च आणि चुकलेल्या गोष्टींसकट सगळं लिहितो आहे.

सुरुवात कागदांपासून करावी लागते आणि त्यातच सर्वांत जास्त दिवस जातात. ६ जानेवारीला गाळ्याचा भाडेकरार नोंदवला. एमआयडीसीतला गाळा भाड्याने घेताना मूळ भूखंडधारकाने पोटभाड्याची परवानगी काढली आहे का, हे आधी पाहावं. ती नसेल तर पुढचे सगळे अर्ज अडतात. ९ जानेवारीला जीएसटीच्या नोंदणीत नवा पत्ता 'अतिरिक्त जागा' म्हणून टाकला. मुख्य पत्ता त्याच वेळी बदलला नाही. यंत्र जुन्या पत्त्यावरून निघतं आणि नव्या पत्त्यावर पोचतं, म्हणून वाहतुकीच्या दिवशी दोन्ही पत्ते नोंदणीत असले की चलनावर शंका निघत नाही. मंजुरी २४ जानेवारीला आली.

विजेच्या नव्या थ्री फेज जोडणीचा अर्ज १३ जानेवारीला केला. सोबत परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, भाडेकरार आणि गाळामालकाचं संमतिपत्र. मीटर १८ फेब्रुवारीला बसला, म्हणजे पाच आठवडे गेले. जुन्या जागेची जोडणी मात्र नवी चालू होईपर्यंत तोडायची नाही. यंत्र उघडताना ग्राइंडर, दिवे आणि शेवटची कामं तिच्यावरच चालतात.

नव्या गाळ्यातला पाया २७ जानेवारीला ओतला. खोली ३० सेंटिमीटर, एम-२० काँक्रीट, फाउंडेशन बोल्टांसाठी चार खिसे मोकळे सोडलेले. त्याला २१ दिवस पाणी मारलं. पाया आधी आणि यंत्र नंतर हा क्रम चुकला, तर लेथ गाळ्याच्या मधोमध महिनाभर ठोकळ्यांवर उभं राहतं आणि ते पुन्हा उचलण्याचा खर्च दुसऱ्यांदा होतो.

हायड्रा मोठ्या रस्त्यावर दोन तास उभी राहणार होती, म्हणून १० फेब्रुवारीला वाहतूक शाखेकडे अर्ज दिला. पहिल्या खेपेला तो परत आला, कारण क्रेनची नोंदणी, विमा आणि चालकाचा परवाना यांच्या प्रती जोडल्या नव्हत्या. १९ तारखेला शिवजयंतीची सुट्टी. ना हरकत पत्र हातात पडलं २० फेब्रुवारीला, रविवार २३च्या सकाळी ८ ते १० या वेळेसाठी. वेळ नेमकी ठरल्यामुळे मागचं सगळं गणित तिच्यावरून उलटं मोजत आणलं. पावसाळ्यापर्यंत थांबण्याचा विचार सुरुवातीलाच सोडून दिला होता. पंचगंगेच्या पुरामुळे २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता.

आता वजनाकडे येतो. जुन्या यंत्राची पाटी सहसा गेलेली असते आणि कॅटलॉग मिळत नाही. अंदाज मात्र हवाच, नाहीतर जॅक, पट्टे, फळ्या कशाच्या भरवशावर निवडणार? २१ तारखेला मोटर (३८ किलो), टेलस्टॉक म्हणजे कामाच्या दुसऱ्या टोकाला आधार देणारा भाग (५२ किलो) आणि काम पकडणारा चक (३० किलो) उतरवले. हत्यार धरून बेडवर सरकणारं कॅरेज मध्यावर आणून लॉक केलं. मग पहार आणि ताणकाटा घेऊन दोन्ही पाय तोलले. पद्धत अगदी सोपी आहे. दीड मीटर लांबीची पहार, तिचं टोक यंत्राच्या पायाखाली, टोकापासून ५ सेंटिमीटरवर लोखंडी टेकू. टेकूपासून हातापर्यंत १४५ सेंटिमीटर उरतात, म्हणजे हाताचा जोर २९ पट होतो. पहारीच्या वरच्या टोकाला ताणकाटा अडकवून तो खाली ओढला आणि पाय जमिनीवरून जेमतेम सुटला त्या क्षणी आकडा वाचला. हेडस्टॉककडे, म्हणजे चक फिरवणाऱ्या टोकाकडे, २०.५ किलो, टेलकडे ९.५ किलो. यात पहारीचं स्वतःचं वजन मिळवावं लागतं. साडेनऊ किलोची पहार मधल्या बिंदूवर लोंबत असल्यामुळे टोकाला साडेचार किलोचा जोर तीच देते. म्हणजे खरे आकडे २५ आणि १४. त्यांना २९ने गुणलं की ७२५ आणि ४०६, बेरीज ११३१ किलो. पुढे वजनकाट्यावर हेच वजन ११२० निघालं.

या मोजणीतून वजनाइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट कळते, ती म्हणजे गुरुत्वमध्य. दोन पायांमध्ये दीड मीटर अंतर. ४०६ भागिले ११३१, गुणिले १५० सेंटिमीटर. हेडस्टॉकच्या पायापासून ५४ सेंटिमीटरवर तो येतो, मध्यावर नाही. क्रेनचा हुक कुठे यायला हवा, ते इथेच खडूने बेडवर आखून ठेवलं.

दीड मीटर पहारीने एक माणूस सातशे किलो उचलतो, हे पाहताना छान वाटतं. पण जोर २९ पट झाला की अंतर २९ पट कमी होतं. हात ६० सेंटिमीटर खाली आला तेव्हा पाय वर आला २ सेंटिमीटर. म्हणून पहार उचलण्यासाठी नसतेच, ती फट पाडण्यासाठी असते. त्या फटीत पत्रा किंवा पाचर सरकवायची, टेकू उंच करायचा आणि पुन्हा दाबायचं. मुकादम आपल्या टोळीला हेच एक वाक्य सांगत होते, "वजन हातावर घ्यायचं न्हाई, ठोकळ्यावर घ्यायचं." पहार दाबताना तिच्यावर पोट टेकवून ओणवं कोणी उभं राहू नये. टेकू निसटला तर तीच २९ पट वेगाने उलटी येते आणि हनुवटी किंवा बरगडी फोडते. बाजूला उभं राहून, हात सरळ ठेवून, शरीराच्या वजनाने दाबायचं.

पहिली अडचण इथेच आली. चार फाउंडेशन बोल्टांचे नट रात्रभर डिझेलमध्ये भिजवून उघडले होते, पण मागच्या बाजूच्या एका बोल्टभोवतीचं जुनं ग्राउट (बोल्ट पक्का करायला ओतलेला सिमेंटचा भराव) पायाच्या भोकातच चढलेलं होतं. पहार दाबल्यावर तीन कोपरे सुटले, चौथा धरून राहिला, मग एकदम कडकन सुटला आणि यंत्र ठोकळ्यावर आपटलं. ओतीव लोखंडाला असा धक्का मानवत नाही, पायाला चीर जाऊ शकते. सुदैवाने गेली नाही. आधी प्रत्येक बोल्ट हातोडीने ठोकून त्याचा आवाज ऐकावा. मोकळा बोल्ट वाजतो, अडकलेला बद्द आवाज करतो. यंत्र ६ सेंटिमीटर वर घेतल्यावर बोल्ट ग्राइंडरने जमिनीलगत कापले. ते तसेच ठेवले असते तर लेथ त्यांच्यावरून पुढे सरकलंच नसतं.

२२ तारखेचा पूर्ण दिवस घसरी, म्हणजे यंत्राखालची लाकडी चौकट, बांधण्यात गेला, आणि एवढी मेहनत तिच्यावरच का घेतली ते सांगतो. या लेथच्या पायाची रुंदी ४६ सेंटिमीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ७५ सेंटिमीटर उंच, कारण हेडस्टॉक आणि बेड सगळं वरच आहे. मध्यापासून कडेपर्यंत २३ सेंटिमीटर, वर ७५. म्हणजे यंत्र बाजूला १७ अंश कललं की पलटी. लेथ हलवताना याच कारणाने अपघात होतात. लांबीच्या दिशेने ते शांत असतं, रुंदीच्या दिशेने मात्र उभ्या पुस्तकासारखं. म्हणून पायांखाली ९० सेंटिमीटर लांबीचे दोन आडवे वासे घातले (जाडी साडेसात सेंटिमीटर) आणि त्यांच्याखाली २.४ मीटर लांबीचे, १० सेंटिमीटर चौरस असे दोन उभे वासे बाहेरच्या कडेला लावले. सगळं बोल्टने आवळलं. गुरुत्वमध्य वर गेला, खाली लोळवायला घालायच्या पाइपांसकट ९७ सेंटिमीटर झाला, पण कडा मध्यापासून ४५ सेंटिमीटरवर गेली. पलटीचा कोन १७ वरून २५ अंशांवर आला. लाकूड बाभळीचं होतं. खिळे अजिबात वापरले नाहीत, धक्क्याने खिळे उपसून येतात.

घसरी खाली सरकवण्यासाठी यंत्र पावणेअठरा सेंटिमीटर वर हवं होतं. पाच टनी बाटली जॅक दोन, पण मिटलेला जॅक वीस सेंटिमीटर उंच असतो, तो पायाखाली जात नाही. तो बेडच्या टोकाखाली, मध्ये लाकडी तुकडा ठेवून लावला. ऑइल ट्रेखाली जॅक लावला तर ट्रे चेपतो, लीडस्क्रूला (आटे पाडताना कॅरेज सरकवणारा लांब स्क्रू) काही लागलं तर तो वाकतो आणि मग त्या लेथवर चांगली थ्रेडिंग, म्हणजे आटे पाडणं, विसरावी. एका वेळी एकच टोक, एका वेळी ५ सेंटिमीटर, आणि जॅकबरोबर ठोकळ्यांची चवड वर येत राहिली पाहिजे. चवड आडवी-उभी रचायची. एकाच दिशेने रचलेले ठोकळे पत्त्यांसारखे घसरतात. जॅकच्या तेलाच्या सीलवर रात्रभर भरवसा ठेवायचा नाही. संध्याकाळी काम थांबलं तेव्हा सगळं वजन लाकडावर होतं.

उतरवलेले भाग उचलण्याबद्दल थोडं. लोक मोठ्या यंत्राला घाबरतात आणि पाठ मोडून घेतात ती ५२ किलोच्या टेलस्टॉकने. कमरेच्या स्नायूंना मणक्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरचा हात मिळतो. ३० किलोची वस्तू शरीरापासून ५० सेंटिमीटर लांब धरली तर त्या स्नायूंवर ३०० किलोचा ताण येतो, शिवाय वाकलेल्या धडाचं वजन वेगळं. तीच वस्तू पोटाला लावून २० सेंटिमीटरवर आणली की ताण १२०. उचलण्याच्या अमेरिकी सूत्रात सर्वांत अनुकूल स्थितीलासुद्धा २३ किलोचीच मर्यादा धरतात आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची कमाल आहे. आम्ही टेलस्टॉक बेडवरून थेट त्याच उंचीच्या टेबलावर सरकवला आणि टेबलावरून हातगाडीवर. तो जमिनीवर ठेवलाच नाही. जमिनीवर ठेवलेली जड वस्तू पुन्हा वाकून उचलावी लागते, म्हणून शक्यतो एकदा कमरेच्या उंचीवर असलेली वस्तू त्या उंचीवरच फिरवावी.

रविवार २३ फेब्रुवारी, सकाळी ५.४० ला काम सुरू झालं. घसरीसकट वजन १२०० किलो. हेच लाकूड दगडी फरशीवर नुसतं ओढायचं म्हटलं तर घर्षणांक ०.५ धरून ६०० किलोचा जोर लागला असता. माणूस सलग किती जोर लावू शकतो? दंड कितीही भरलेले असोत, मर्यादा तळव्यांपाशी येते. ६५ किलोच्या माणसाचे बूट धुळीच्या फरशीवर ०.४ ने पकड घेतात, म्हणजे २६ किलोच्या पुढे पायच सरकतो. ६०० किलोला अशी तेवीस माणसं लागली असती आणि ती त्या बोळात मावलीही नसती. पाइप घातल्यावर, खाली फळ्यांची वाट असताना, हाच आकडा ५० किलोच्या आसपास उतरतो. दोन माणसं ओढतात, एक मागून लावतो. कामाआधी बोळ झाडून घेतला, तेलाच्या डागांवर भुसा टाकला. फुकटातलं हे काम खरोखर दोन माणसांचा जोर वाढवतं.

पाइप दीड इंची, जाड दर्जाच्या, बाहेरून ४८ मिलिमीटर, प्रत्येकी १.२ मीटर, अशा सात. घसरीखाली एका वेळी पाच, हातात दोन. पाइपची लांबी घसरीपेक्षा दोन्ही बाजूंना १५ सेंटिमीटर जास्त ठेवली होती, ती बोटं वाचवण्यासाठी. पुढे पाइप ठेवणारा माणूस तिचं बाहेर आलेलं टोक वरून धरतो. पोकळ पाइपच्या तोंडात बोट घालून ती सरळ करायची सवय अनेकांना असते. फळीला लागून ती गरकन फिरली की बोट जातं. पाइप तिरकी झाली तर हातोडीने ठोकायची, हाताने नाही.

नवख्या माणसाला एक गोष्ट चकवते. पाइप एक फूट लोळते तेव्हा वरचं ओझं दोन फूट पुढे जातं, कारण पाइपचा वरचा बिंदू तिच्या मध्यापेक्षा दुप्पट वेगाने जातो. त्यामुळे पाइप सतत मागून सुटत राहतात आणि वाटतं त्यापेक्षा लवकर पुढे आणून घालाव्या लागतात. मागून पाइप सुटली आणि पुढे नवी घातलेली नसली की घसरीचं नाक खाली बसतं. मुकादमांनी एका माणसाला फक्त पाइप मोजायला ठेवलं होतं. चारच्या खाली आकडा आला की तो "थांब" ओरडायचा. त्याच्याशिवाय कोणी सूचना द्यायची नाही असं आधीच ठरलं होतं. दोन तोंडांनी सूचना निघाल्या की अर्धी टोळी ओढते आणि अर्धी थांबते.

वळण घेण्यासाठी यंत्राला ढकलून वळवायचं नसतं. ओझं नेहमी पाइपला काटकोनात जातं. उजवीकडे वळायचं तर पुढच्या दोन पाइपांचं उजवं टोक हातोडीने मागे ठोकायचं. शटरमधून बाहेर पडल्या पडल्या असं वळण होतं, त्याला २० मिनिटं लागली. घाईत पाइप जास्त तिरकी केली की घसरीचा वासा एका बाजूने फळीवरून उतरतो. एका ठोक्यात दोन बोटांपेक्षा जास्त नाही.

ओढायचा दोर घसरीला बांधला, यंत्राच्या बेडला नाही. जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर ओढलेलं ओझं पुढे सरकतं, मीटरभर उंचीवर ओढलेलं सरकण्याऐवजी झुकायला लागतं. सुरुवातीचा हिसका हा दुसरा मोह. थांबलेलं ओझं सुटायला जास्त जोर मागतं हे खरं, पण तो मागून पहारीच्या हलक्या ढोशाने द्यावा. दोराला हिसका दिला की ओझं एकदम निघतं आणि ओढणारी माणसं मागे पडतात.

शटरपासून वीस मीटरवर उतार सुरू होतो, ११ मीटरमध्ये ८० सेंटिमीटर, म्हणजे चौदाला एक. बाराशे किलोच्या ओझ्याला खाली खेचणारा जोर ८६ किलो. त्यातून पाइपचा अडथळा ५० वजा केला तर ३६ उरतात आणि दोन माणसं धरतील असं वाटतं. पण हा अडथळा भरवशाचा नाही. फळ्यांऐवजी लोखंडी पत्रा आला की तो निम्म्यावर येतो, आणि एकदा वेग आला की बाराशे किलो थांबवणारा माणूस जन्मलेला नाही. बोळाच्या वरच्या तोंडाशी गाड्या आत येऊ नयेत म्हणून रेल्वेच्या रुळाचा तुकडा पुरलेला आहे. त्याच्या धारा दोर कापतील म्हणून त्याला गोणपाट गुंडाळलं आणि घसरीच्या मागचा दोर त्याच्याभोवती दोन पूर्ण वेढे देऊन एका माणसाच्या हातात दिला. घर्षणांक ०.२५ धरला तर दोन वेढ्यांनी जोर २३ पट वाढतो. पूर्ण ८६ किलो आले तरी त्या माणसाला चार किलोच धरायचे. तीन वेढे दिले असते तर १११ पट, पण मग दोर सुटतच नाही आणि ओझं झटक्याने उतरतं. दोन वेढे पुरतात.

दोर मनिलाचा, २० मिलिमीटर. बाजारात मिळणारा निळा प्लॅस्टिक दोर घासून तापतो, वितळतो आणि न सांगता तुटतो. उतारावर कोणी ओझ्याच्या पुढे उभं राहायचं नाही, दोराच्या फासात पाय ठेवायचा नाही, आणि एका माणसाच्या दोन्ही हातांत पाचरा हव्यात. त्याचं काम फक्त पाइपांमागोमाग चालत राहणं. रुळाला दोर बांधण्याआधी पहारीने तो हलवून पाहिला होता. विजेचा किंवा टेलिफोनचा खांब यासाठी कधीही वापरू नये.

उतार नीट झाला. गोंधळ झाला तो त्यानंतरच्या सपाटीवर. गटारावरच्या काँक्रीटच्या झाकणांवर फळ्या टाकल्या होत्या, पण एक फळी पलीकडच्या काठापर्यंत पोचलीच नव्हती. तिचं टोक नेमकं झाकणाच्या मध्यावर आलं. झाकण तडकलं, डावा वासा ४ सेंटिमीटर खाली बसला आणि लेथ गटाराकडे झुकलं. ८० सेंटिमीटरच्या रुंदीत ४ म्हणजे तीन अंश. डोळ्यांना तीन अंश भयंकर दिसतात आणि दोन माणसं यंत्राला हात लावून धरायला धावली. मुकादमांनी त्यांना ओरडून बाजूला केलं, आणि तेच बरोबर होतं. पलटीच्या बिंदूपुढे यंत्र फक्त पाच अंश गेलं तरी ते वरून धरायला ७५-८० किलोचा सलग जोर लागतो. तेवढा एकालाही जमत नाही आणि हात लावलेला माणूस खाली सापडतो. पंचवीस अंशांची सोय घसरीमुळे होती, म्हणून सगळे शांत झाले. दोन्ही बाजूंना पाचरा, पहारीने डावा वासा वर, खाली १० मिलिमीटरची लोखंडी प्लेट काठापासून काठापर्यंत. पंचवीस मिनिटं गेली. दोन झाकणं नंतर नवी बसवून दिली. गटार दिसलं की प्लेट आधीच घालावी आणि ती दोन्ही काठांवर किमान १५ सेंटिमीटर टेकलेली आहे का, ते वाकून पाहावं.

टोळीतले दोघे जण स्वतःला खलाशी म्हणवून घेतात. जड सामान हलवणाऱ्यांना हा शब्द आपल्याकडे बंदरांवरून आला. केरळात बेपूरला मोठमोठी लाकडी जहाजं दोर, लाकडी रूळ आणि कप्प्या यांच्या जोरावर पाण्यात उतरवणारे मापिळा खलाशी आजही आहेत. १९८८ मध्ये पेरुमण इथे आगगाडी अष्टमुडी सरोवरात कोसळली, तेव्हा डबे बाहेर काढायला त्यांना बोलावलं होतं. या विद्येला प्रमाणपत्र नाही, पण जोर, दोर आणि वेढे यांचं गणित या माणसांच्या हातात पक्कं बसलेलं असतं. आमच्या मुकादमांनी ०.२५ हा आकडा कधी ऐकलेला नाही, दोनच वेढे द्यायचे हे त्यांनीच सांगितलं.

८.०५ ला घसरी मोठ्या रस्त्यावर पोचली. हायड्रा उभी होती. दोन टनी रुंद पट्टे दोन, एक हेडस्टॉकखाली, दुसरा बेडच्या टेलकडच्या भागात. लीडस्क्रू आणि फीडरॉडला (कॅरेज सरकवणारा दुसरा दांडा) पट्टा टेकू नये म्हणून मध्ये लाकडाच्या पट्ट्या आडव्या घातल्या. पट्टे लांब घ्यावेत. त्यांच्यात ६० अंशांचा कोन असेल तर प्रत्येकावर ७०० किलो येतात, आखूड पट्ट्यांनी तोच कोन १२० झाला तर प्रत्येकावर पूर्ण १२००. पहिल्यांदा फक्त ५ सेंटिमीटर उचललं. टेलकडचं टोक आधी वर आलं, म्हणजे हुक टेलकडे थोडा जास्त होता. पट्टे सोडण्याऐवजी कॅरेज २० सेंटिमीटर टेलकडे सरकवलं. त्याचं वजन ११० किलोच्या आसपास, त्यामुळे गुरुत्वमध्य जेमतेम २ सेंटिमीटर हलला, पण तेवढंच हवं होतं. हायड्राच्या पाटीवर १२ टन लिहिलेलं असतं, ते बूम, म्हणजे क्रेनचा लांब होणारा हात, आखूड आणि जवळ असताना. बूम लांबवली की क्षमता झपाट्याने उतरते, म्हणून टेम्पो क्रेनच्या तोंडाशी चिकटून लावला.

निघण्याआधी ई-वे बिल (जीएसटीखालची मालवाहतुकीची ऑनलाइन नोंद) तयार होतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल जात असेल तर एक लाखावरच्या किमतीला ते लागतं. लेथची किंमत १ लाख ८० हजार धरली होती. विक्री नसल्यामुळे बीजक नाही, डिलिव्हरी चलन तीन प्रतींत, आणि कारणाच्या रकान्यात 'स्वतःच्या वापरासाठी'. गाडीचा नंबर आदल्या दिवशी भरला होता, पण सकाळी टेम्पो बदलला, म्हणून तो पुन्हा बदलावा लागला. हे रस्त्यात उभं राहून करण्यापेक्षा टेम्पोवाल्याकडून नंबर सकाळीच पक्का करून घ्यावा. वजनकाट्यावर घसरी आणि सुट्या भागांसह १३२० किलो भरले. घसरीचे ८० वजा केले की यंत्र १२४०.

शिरोलीत दुसरी हायड्रा सांगून ठेवली होती. तिने शटरच्या आत दोन मीटरपर्यंत आणून ठेवलं, उरलेले नऊ मीटर पुन्हा पाइपांवर. गुळगुळीत काँक्रीटवर एकच माणूस ढकलत होता. आदल्या बोळाच्या मानाने हा आराम, पण याच ठिकाणी माणसं ढिली पडतात, म्हणून पाचरवाला शेवटपर्यंत पाचरा घेऊन मागे होता. दुपारी १.१५ ला लेथ पायावर उतरलं.

खर्चाचा हिशेब असा. सहा जणांची टोळी ९,००० रुपये, कोल्हापुरातली हायड्रा ६,५००, शिरोलीतली ३,०००, टेम्पो ३,२००, लाकूड आणि पाइप २,९००, दोर आणि पट्टे १,७००, काटा १२०, गटाराची झाकणं १,४००. हलवण्याचे एकूण २७,८२०. पाया १४,५०० आणि ग्राउट २,२०० वेगळे. टोळीशी पैसे तासावर ठरवू नका, पूर्ण कामावर ठरवा. तासावर ठरवलं की मालक घाई करतो, आणि या कामात घाईच नडते.

त्यानंतरचं काम शांतपणाचं आहे. २४ ते २८ फेब्रुवारी बेड लेव्हल करण्यात गेले. मीटरला ०.०२ मिलिमीटर दाखवणारी लेव्हल बेडच्या दोन्ही टोकांना आडवी ठेवून पाचरा कमीजास्त केल्या. बेड पूर्ण क्षितिजसमांतर असण्यापेक्षा त्याला पीळ नसणं जास्त महत्त्वाचं. १ मार्चला बोल्टांचे खिसे न आकसणाऱ्या ग्राउटने भरले, आठवडाभर बोल्ट आवळले नाहीत. ८ मार्चला आवळले आणि लेव्हल पुन्हा पाहिली. टेलकडे फरक आला होता, तो काढायला अर्धा दिवस लागला.

चाचणी दोन कॉलरची, म्हणजे गजावर ठेवलेल्या दोन जाडसर कड्यांची. ४० मिलिमीटरचा गज चकमध्ये धरला, टेलस्टॉकचा आधार न घेता. एकमेकांपासून १०० मिलिमीटरवर दोन कॉलर ठेवून त्याच सेटिंगवर दोन्हींवरून अगदी हलका काप घेतला. पहिल्या वेळी व्यासात ०.०५ मिलिमीटरचा फरक, म्हणजे बेडला अजून पीळ होता. टेलकडच्या पुढच्या पाचरीला पाव फेरा दिला. तिसऱ्या कापाला फरक ०.०१वर आला. तिथे थांबलो.

जीएसटीचा मुख्य पत्ता बदलण्याचा अर्ज बदल झाल्यापासून १५ दिवसांत करायचा असतो, तो ५ मार्चला केला. उद्यम नोंदणीतला पत्ता ऑनलाइन आणि फुकट बदलतो. जुन्या जोडणीच्या शेवटच्या रीडिंगचा फोटो तारखेसह काढून ठेवला आणि ती कायमची तोडण्याचा अर्ज १० मार्चला दिला. अनामत परत मिळवायला मूळ पावती मागतात. ती १९८०च्या दशकातल्या फायलीत सापडली. ३० मार्चला पाडव्याच्या दिवशी नव्या जागेत पहिलं काम चढलं, एका पंपाचा शाफ्ट.